एपिसोड ३७ : बिल्डिंग धुताना प्रेशर की केमिकल?

(एपिसोडचा लिखित मजकूर. अडखळलेलं, खोकलेलं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय. डहाणू लोकलमध्ये रेंज जाते, म्हणून वाचणाऱ्यांसाठी खास.)

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, अरे, तू कोड लिहिणारा माणूस, तुला बिल्डिंग धुण्याशी काय घेणंदेणं? बरोबर आहे. मलाही नव्हतं. पण गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत असं काही घडलं की पुढचे दोन महिने मी ऑफिसहून आलो की हेच वाचत बसायचो. म्हणून हा एपिसोड.

तुम्ही पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, सफाळे या पट्ट्यात राहत असाल तर तुमच्या बिल्डिंगची पावसाच्या बाजूची भिंत आत्ता डोळ्यांसमोर आणा. खिडकीखालून काळे ओघळ, पाईपच्या मागे हिरवं, गच्चीच्या कठड्यावर मखमलीसारखा काळा थर. आलं ना डोळ्यांसमोर? आज आपण त्याच भिंतीबद्दल बोलणार आहोत.

[०१:४०] डक्टमध्ये काय झालं

आमची सोसायटी बोईसर पश्चिमेला. तळमजला अधिक चार, बांधून वीसेक वर्षं झालेली. पावसाळ्याआधी बाहेरून रंग द्यायचा ठरला. रंगाआधी भिंत धुवायला लागते. दोन कॉन्ट्रॅक्टर आले. एक म्हणाला, "फुल प्रेशर मारतो, चार दिवसांत बिल्डिंग चकाचक." दुसरा म्हणाला, "प्रेशर कशाला? केमिकल मारतो, सगळं आपोआप गळून पडेल." झालं! व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पक्ष पडले. प्रेशरवाले आणि केमिकलवाले. माझे बाबा प्रेशरवाल्यांत, सेक्रेटरी काका केमिकलवाल्यांत. शेवटी तोडगा काय निघाला, तर तिसरा माणूस आणला जो दोन्ही करेल आणि दोघांपेक्षा स्वस्तात करेल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डक्ट घेतला. डक्ट म्हणजे बाथरूमच्या खिडक्या जिथे उघडतात, ड्रेनेजचे पाईप जिथून खाली उतरतात, ती अरुंद जागा. सकाळी शेवाळासाठी हायपो मारला, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट. शेवाळ गेलं, पण पाईपांखाली सिमेंटचे पांढरे डाग राहिले. दुपारी हेल्परने त्याच ओल्या भिंतीवर टाईल्स धुवायचं ॲसिड ओतलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की असं करायचं नसतं.

मी त्या दिवशी घरून काम करत होतो. कॉल चालू होता आणि बाथरूमच्या बाजूने असा तिखट वास आला की डोळ्यांतून पाणी. खाली डक्टच्या तळाशी तो हेल्पर खोकत खोकत बसला होता. वयाने माझ्यापेक्षा लहान. आम्ही दोघा-तिघांनी त्याला ओढून गेटबाहेर आणलं. तळमजल्यावरच्या आजींची बाथरूमची खिडकी उघडी होती, त्यांनाही बाहेर काढलं. त्या मुलाला एक रात्र दवाखान्यात ठेवलं. दोघंही आता ठणठणीत आहेत, म्हणून मी हे शांतपणे सांगू शकतोय.

गोष्ट इथे संपली नाही. जुलैत चौथ्या मजल्यावर दोन घरांत खिडकीखाली ओल आली. भिंत धुण्याआधी तिथे ओल नव्हती. म्हणजे केमिकलने माणूस आजारी पडला आणि प्रेशरने भिंत आजारी पडली. "प्रेशर की केमिकल" हा वाद घालणारे आम्ही सगळेच चुकीचा प्रश्न विचारत होतो. पहिला प्रश्न असा असायला हवा होता : भिंतीवर आहे काय?

[०५:१०] करपलेलं दुधाचं पातेलं

थोडी थिअरी. कंटाळू नका, अगदी स्वयंपाकघरातली आहे.

दूध उतू गेलं, पातेलं खालून करपलं. आता दोन रस्ते. एक, तारेचा चोथा घेऊन घासत बसा, हात दुखेपर्यंत. पातेल्यावर चरे पडतील. दुसरा, गरम पाणी आणि थोडा सोडा घालून रात्रभर ठेवा. सकाळी नुसत्या बोटाने पापुद्रा निघतो. आपल्या आया हे कुठल्या कॉलेजात शिकल्या नाहीत.

१९५९ मध्ये हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने हेच एका वर्तुळात मांडलं. कुठल्याही सफाईला चार गोष्टी लागतात : केमिकल, रगडण्याची ताकद, तापमान आणि वेळ. वर्तुळ पूर्ण भरायला हवं. एक वाटा कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. कपडे धुण्याच्या मशिनचे सगळे प्रोग्राम याच हिशोबावर चालतात.

आता हे बिल्डिंगला लावा. गरम पाणी आपल्याकडे कोणी वापरत नाही, म्हणजे तापमान जे आहे ते आहे. राहिले तीन : केमिकल, ताकद, वेळ. यात महाग काय? वेळ. कॉन्ट्रॅक्टरला पैसे चौरस फुटावर मिळतात. केमिकल मारून पंधरा मिनिटं थांबायचं म्हणजे माणूस झुल्यावर पंधरा मिनिटं रिकामा लटकणार. ते त्याला परवडत नाही. मग वेळ कापला जातो आणि त्याची भरपाई प्रेशर वाढवून किंवा केमिकल जास्त कडक करून होते. आमच्याकडे दोन्ही झालं. हेल्परची चूक होतीच, पण त्या चुकीकडे ढकलणारा हिशोब आमच्या सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये आधीच लिहिलेला होता.

[०८:००] प्रेशर म्हणजे नक्की किती?

मशिनवर "१३० बार" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. तुमच्या कारच्या टायरमध्ये बत्तीस-तेहतीस पीएसआय हवा असते, म्हणजे सव्वादोन बार. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दहा मीटर खाली येतं तेव्हा नळाला एक बार मिळतो. आणि हे मशिन १०० बारने मारतं. टायरच्या जवळपास पंचेचाळीस पट.

पाणी १०० बारने छोट्या भोकातून बाहेर पडतं तेव्हा त्याचा वेग काढता येतो. बारावीचं फिजिक्स आहे. उत्तर येतं सेकंदाला साधारण १४१ मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. सुटतानाचा, आदर्श हिशोबातला वेग आहे हा. पुढे हवेत तो झपाट्याने कमी होतो. आणि इथेच खरी गंमत आहे : भिंतीवर बसणारा मार मशिनवरच्या आकड्यापेक्षा तुम्ही नोझल कुठलं लावता आणि किती लांब धरता यावर जास्त ठरतो.

नोझलचे रंग लक्षात ठेवा. लाल म्हणजे शून्य अंश, पाण्याची सरळ सुई. पिवळं पंधरा अंश, हिरवं पंचवीस, पांढरं चाळीस. काळं साबण मारायला, एकदम कमी दाबाचं. लाल नोझल रंगवलेल्या भिंतीवर कधीही नको. ते प्लास्टर कोरतं.

हिरवं नोझल घ्या. भिंतीपासून तीस सेंटिमीटरवर धरलं तर पाण्याचा पट्टा तेरा सेंटिमीटर रुंद पडतो. तेच दहा सेंटिमीटरवर आणलं तर पट्टा साडेचार सेंटिमीटरचा. पाणी तेवढंच, ताकद तेवढीच, पण ती एक तृतीयांश जागेत. म्हणजे मशिनला हात न लावता, नुसता हात पुढे नेऊन, मार तिप्पट झाला. एखादा डाग निघत नाही म्हटल्यावर झुल्यावरचा दादा नेमकं काय करतो? नोझल जवळ नेतो. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

साध्या प्लास्टरवरच्या रंगाला चाळीस ते साठ बार, पंचवीस किंवा चाळीस अंशांचं नोझल आणि हातभर अंतर एवढं सहसा पुरतं. सुरुवात खालून करायची, म्हणजे कमी दाबाने, आणि गरज असेल तरच चढवायचं.

[११:३०] पाणी आत जातं ते असं

आमच्या चौथ्या मजल्यावर काय झालं ते आता सांगतो. वीस वर्षांच्या प्लास्टरला केसासारख्या भेगा असतात. नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पाऊस भिंतीवर पडतो आणि बहुतेक ओघळून जातो. जेट मात्र पाणी त्या भेगेत आत ढकलतो. आत गेलेलं पाणी लगेच बाहेर येत नाही, प्लास्टरच्या मागे पसरतं. वर लगेच रंगाचा थर चढवला की ते आत कोंडलं जातं. रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात. आणि जेटने जिथे खिडकीच्या फ्रेमभोवतीचं जुनं सीलंट उडवलेलं असतं, तिथे पुढच्या पावसाला आयता दरवाजा मिळतो.

दुसरं असं, बाहेरच्या रंगात बुरशी आणि शेवाळ येऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं. ते पाण्याबरोबर थोडं थोडं झिरपून जात असतं. रंग चांगला असताना दरवर्षी जोरात धुतलं तर तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेलं संरक्षण स्वतःच्या हाताने धुऊन काढता.

म्हणून धुण्याआधी एक काम : लाकडी हातोडीने किंवा नाण्याने प्लास्टर वाजवून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, डबडब असा आवाज आला तर तिथे प्लास्टर सुटलेलं आहे. तिथे जेट मारू नका, आधी दुरुस्ती करा. आणि बिल्डिंग पंधरा ते तीस वर्षांची असेल तर सोसायटीच्या आदर्श उपविधीप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. तीसच्या वर गेली की दर तीन वर्षांनी. धुणं-रंगवणं हे ऑडिटच्या नंतर. आधी रंग दिला की भेगा झाकल्या जातात आणि सगळ्यांना वाटतं, बिल्डिंग नवी झाली.

[१४:२०] डाग ओळखा, मग हत्यार उचला

आता मुद्द्याचं. आपल्याकडच्या भिंतींवर साधारण पाच प्रकारचे डाग असतात.

पहिला : हिरवं, काळं, कधी कधी विटकरी-नारिंगी. हे जिवंत आहे. शेवाळ, बुरशी, सायनोबॅक्टेरिया. वर्षाकाठी आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, समुद्रावरची दमट हवा आणि उन्हाकडे पाठ केलेली भिंत. त्यांना आणखी काय हवं? यावर प्रेशर मारलं की वरचा थर जातो, भिंत स्वच्छ दिसते, पण प्लास्टरच्या छिद्रांत बसलेल्या पेशी जिवंत राहतात. पुढच्या पावसात परत हजर. आमच्या भाषेत सांगायचं तर हे एरर लॉग डिलीट करण्यासारखं आहे. स्क्रीन साफ, बग जिथल्या तिथे. इथे केमिकलच लागतं आणि प्रेशर फक्त नंतर धुऊन काढायला.

दुसरा : धूळ, मातीचे शिंतोडे. साधं पाणी, कमी दाब, पांढरं नोझल. केमिकलची काही गरज नाही.

तिसरा : तेलकट काजळी. किचनच्या एक्झॉस्टखाली, जनरेटरच्या धुराड्याजवळ, ट्रकच्या रस्त्याला लागून असलेल्या भिंतीवर. पाणी तेलावरून घसरतं. इथे साबणासारखं, तेल सोडवणारं काहीतरी लागतं आणि भिजायला वेळ. नुसत्या प्रेशरने काजळी पसरते.

चौथा : पांढरी पूड, म्हणजे लोणा. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर येताना आतले क्षार घेऊन येतं आणि पृष्ठभागावर सोडून उडून जातं. हा डाग नाही, हा निरोप आहे : आत पाणी येतंय. यावर जेट मारणं म्हणजे क्षार विरघळवून परत आत पाठवणं. कोरड्या ब्रशने झाडा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा.

पाचवा : गंजाचा लाल-तपकिरी ओघळ. ग्रिलवरून आला असेल तर ग्रिल रंगवा, डागावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं. पण काँक्रीटच्या भेगेतून गंज येत असेल तर आतली सळई गंजतेय. धुणं-बिणं सोडा, इंजिनिअरला बोलवा. समुद्राजवळ, तारापूर-चिंचणीच्या बाजूला, खाऱ्या हवेमुळे हे जास्त दिसतं.

काळा डाग जिवंत आहे की काजळी आहे, हे कसं ओळखायचं? सोपी टेस्ट. पातळ केलेल्या हायपोत कापूस बुडवून डागावर लावा. काही मिनिटांत काळा रंग फिका पडला तर ते शेवाळ-बुरशी. तसाच राहिला तर काजळी किंवा धूळ. दहा रुपयांची टेस्ट, पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अडीचशे मेसेज झाले तरी कोणाला सुचली नाही.

[१८:४५] हायपो : किती, कसा, किती वेळ

आपण केमिकलच्या गावात राहतो. तारापूर एमआयडीसीत घरातलं कोणी ना कोणी कामाला असतं, बाजारात कॅन सहज मिळतो, वासाची सवय झालेली असते. सवयीने भीती जाते, पण रसायनाचा गुणधर्म तुमच्या सवयीने बदलत नाही.

कॅनमधला हायपो साधारण दहा-बारा टक्क्यांचा असतो. घरगुती ब्लीच चार-पाच टक्क्यांचं. रंगवलेल्या भिंतीवरच्या शेवाळाला एक टक्का पुरतो. म्हणजे दहा टक्क्यांचा हायपो दोन लिटर, पाणी अठरा लिटर, झालं वीस लिटर. "अजून कडक" करून फायदा फारसा नाही, रंग उडतो मात्र नक्की.

कॅन ताजा हवा. हायपो ऊन आणि उष्णतेने कमजोर होत जातो. गच्चीवर एप्रिल-मेच्या उन्हात पडलेला कॅन महिन्या-दोन महिन्यांत बराच मवाळ झालेला असतो. कॉन्ट्रॅक्टर मग म्हणतो "माल डुप्लिकेट होता" आणि दुप्पट ओततो.

पद्धत अशी. आधी एका कोपऱ्यात फूटभर जागेवर मारून बघा. खालची झाडं, कुंड्या साध्या पाण्याने भिजवून घ्या. ॲल्युमिनियमच्या खिडक्याही. हायपो कमी दाबाच्या पंपाने, शेतात फवारणीला वापरतात तसल्या, खालून वर मारत जा, म्हणजे ओघळाचे पट्टे पडत नाहीत. सावलीच्या बाजूला काम करा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. मग वरून खाली भरपूर पाण्याने, कमी दाबाने धुऊन काढा. हायपो शेवटी मीठ मागे ठेवतो. ते भिंतीत राहिलं तर पुढे त्रास, म्हणून धुणं मनापासून करायचं. रंगाआधी भिंत पूर्ण वाळायला काही कोरडे दिवस द्या. हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे गावात दिवाळीआधी घराला चुना मारायची पद्धत होती, अजूनही काही पाड्यांवर आहे. ओला चुना कमालीचा अल्कली असतो, त्यात शेवाळ-बुरशी टिकत नाही. म्हणजे पावसाळा संपला की जिवंत डाग मारायचे आणि वर पांढरा थर द्यायचा, हे एकाच बादलीत होत होतं.

[२२:३०] जे कधीच एकत्र करायचं नाही

हा भाग दोनदा वाचा. घरच्यांनाही वाचून दाखवा.

हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. टाईल्सचं ॲसिड, टॉयलेट क्लीनर, दोन्हींत सहसा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकाच कमोडमध्ये ओतणारी घरं मी पाहिली आहेत. "दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ होतं" म्हणे. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्याने जो वायू सोडला होता, तो हाच.

क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड. तो वर जात नाही, खाली बसतो. म्हणून डक्टमध्ये वर झुल्यावर असलेला माणूस वाचला आणि तळाशी उभा असलेला सापडला. म्हणून चौथ्या मजल्यावर कोणाला काही कळलं नाही आणि तळमजल्यावरच्या आजी खोकू लागल्या. हायपोत अमोनिया असलेलं क्लीनरही मिसळू नका, त्यातूनही विषारी वायू निघतो.

असं घडलंच तर माणसाला मोकळ्या हवेत, उंच जागी न्या. स्वतः आत धावत जाऊन दुसरा पेशंट होऊ नका. डोळे जळत असतील तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा. १०८ ला फोन करा. आणि "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी डॉक्टरला दाखवा, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

ॲसिडचं आणखी एक. सिमेंट आणि चुना ॲसिडमध्ये विरघळतात. डाग जातो कारण डागाखालचा थरच जातो. आणि ॲसिडमधला क्लोराईड आत झिरपून सळईपर्यंत पोचला तर गंजाला आमंत्रण. प्लास्टरवर, काँक्रीटवर ॲसिड नको म्हणजे नको.

[२५:५०] झुल्यावरचा माणूस आणि गटारातलं पाणी

प्रेशरलाही कमी समजू नका. पाणी पुढे जातं तसा गनला मागे धक्का बसतो. छोट्या मशिनचा धक्का दोन किलोच्या आसपास, जमिनीवर काहीच वाटत नाही. मोठं मशिन, २०० बार आणि मिनिटाला पंधरा लिटर, म्हणजे पाच किलोचा सतत धक्का. दोरीवर लटकलेल्या माणसाला तो भिंतीपासून मागे ढकलतो. फुल बॉडी हार्नेस आणि झुल्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी बांधलेली लाईफलाईन, हे दोन्ही दिसलं नाही तर सेक्रेटरीने काम थांबवायचं. "त्यांना सवय असते" हे उत्तर चालणार नाही. जेट कातडीतून आत जातो. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत मात्र मोठी इजा असते. तेव्हा बँडेड लावून सोडायचं नाही, थेट हॉस्पिटल.

आता पाणी. मिनिटाला आठ लिटरचं मशिन तासाला ४८० लिटर पितं. आमच्या बिल्डिंगचा मी हिशोब केला. बाहेरच्या भिंती अकराशे-बाराशे चौरस मीटर, मिनिटाला एक चौरस मीटर धरला तर वीसेक तास, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे निम्म्या सोसायट्या टँकरवर असतात. ऑक्टोबरनंतर केलं तर पाणीही असतं आणि कोरडे दिवसही मिळतात.

आणि हे पाणी जातं कुठे? गटारात, नाल्यात, खाडीत. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. मासेमारीवर जगणाऱ्या लोकांची लढाई होती ती. आपण कारखान्यांना नावं ठेवतो, ठेवायलाच हवीत. पण आपल्या सोसायटीने न मोजता ओतलेला हायपोही माशांना विषच. कारखान्याच्या मानाने थेंब असेल, पण त्या थेंबावर आपला ताबा आहे. मोजून वापरा, उरलेला नाल्यात रिकामा करू नका, विहिरीजवळ धुऊ नका.

[२९:१५] किल्ल्यावर हे प्रयोग नकोत

आपल्यातले बरेचजण शिरगाव, केळवे, तारापूर, वसईच्या किल्ल्यांवर श्रमदानाला जातात. फार चांगलं काम. पण "जरा मशिन लावून भिंत साफ करू" असं कोणी म्हटलं तर थांबवा. दगडांमधला चुना हा त्या भिंतीचा जीव आहे. जेट तो उकरून काढतो, ॲसिड तो विरघळवतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तिथे परवानगीशिवाय काहीही करणं गुन्हा ठरू शकतो.

ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडला तेव्हा पुरातत्त्व खात्याने काय केलं माहितीये? मुलतानी मातीचा लेप. लावायचा, वाळू द्यायचा, माती मळ शोषून घेते, मग पाण्याने धुवायचं. अमेरिकेत वाळूच्या माऱ्याने जुन्या इमारतींच्या विटा खराब झाल्या, तेव्हा १९७९ मध्ये तिथल्या सरकारी जतन विभागाने त्यावर खास सूचनापत्रकच काढलं. त्यांच्या नियमाचा गाभा एका ओळीत सांगता येतो : ज्याने काम होतं त्यातली सगळ्यात हलकी पद्धत निवडा.

आपल्या चार मजली बिल्डिंगलाही हाच नियम लागू. आधी साधं पाणी. नाही गेलं तर योग्य केमिकल, पातळ, आणि वेळ द्या. तरी नाही गेलं तर प्रेशर, थोडं थोडं चढवत.

[३१:३०] कॉन्ट्रॅक्टरला विचारायचे सहा प्रश्न

स्क्रीनशॉट काढा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका.

एक, कुठल्या भिंतीवर कुठला डाग आहे, तुम्ही तपासलं का?
दोन, कुठलं केमिकल, किती टक्के, किती वेळ ठेवणार?
तीन, ॲसिड साइटवर आणणार आहात का? आणणार असाल तर कशासाठी? हायपो आणि ॲसिड एकाच दिवशी, एकाच भिंतीवर नाही, हे लेखी द्या.
चार, किती बार, कुठल्या रंगाचं नोझल, किती अंतरावरून?
पाच, पोकळ प्लास्टर आणि भेगा धुण्याआधी कोण बघणार?
सहा, झुल्यावरच्या माणसांना हार्नेस, गॉगल, हातमोजे, मास्क कोण देणार? आणि त्यांना त्यांच्या भाषेत कोण समजावणार?

सहावा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारला नव्हता. त्या मुलाला मराठी फारसं येत नव्हतं आणि कॅनवरचं लेबल इंग्रजीत होतं. आता आमच्या सोसायटीत हायपोच्या कॅनवर मार्करने मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहितात : ॲसिडसोबत नाही. ते लिहायचं काम सेक्रेटरी काकांनी स्वतःकडे घेतलंय. चौथ्या मजल्याची ओल मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. पावसाळा संपला की भेगा भरायच्या आहेत, बाबांनी तीन कोटेशन मागवलीत. या वेळी सगळ्यात स्वस्त उघडायच्या आधी ते सहा प्रश्नांचा कागद पुढे ठेवणार आहेत.

तुमच्या सोसायटीत यंदा रंगकाम असेल तर हा एपिसोड कमिटीतल्या एका तरी काका-काकूंना पाठवा. पुढच्या भागात बोलू गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल, तोही आपल्याकडचा जिव्हाळ्याचाच विषय. तोवर काळजी घ्या. भेटू.